रुमालाखालची करंगळी

मी हळदीचा दलाल आहे. सांगलीच्या पेठेत हमाल म्हणून आलो, दलाल झालो. हाताला लागतं तेवढंच खरं मानायचं, ही माझी जन्माची सवय. विहिरीवर हडळ दिसली म्हणून कोणी सांगायला आला, तर मी आधी त्याच्या तोंडाचा वास घेतो. आमच्या खटावाकडच्या गावात देवऋषी अंगात आणून घुमायला लागला की सगळे हात जोडतात, मी समोर बसून सुपारी कातरतो. असल्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचाच मला जास्त राग आहे.

संपादकसाहेब, तुम्ही वाचकांचे असे अनुभव छापता म्हणून पाठवतोय. पण अट अशी – छापायचं तर आहे तसं छापा. शेवटी ‘लेखकास भास झाला असावा’ अशी ओळ जोडणार असाल तर कागद परत करा. मला घासाघीस जमते, पण या बाबतीत करणार नाही.

आधी आमचा धंदा सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. हळदीचा भाव आमच्याकडे तोंडाने ठरत नाही. ढिगाजवळ खरेदीदार आणि दलाल समोरासमोर उभे राहतात, हातात हात घेतात आणि वर रुमाल टाकतात. मग रुमालाखाली बोटं बोलतात. कुठलं बोट धरलं, किती बोटं धरली, मूठ दाबली की तळवा – सगळ्याचा भाव असतो. भोवती गर्दी उभी असली तरी कोणाला काही कळत नाही. हे करता करता माझा हात इतका तयार झाला की डोळे बांधून नुसता हात द्या, माणूस कोण ते सांगतो. कोणाची अंगठी, कोणाचे घट्टे, कोणाचा घाम.

नामदेव माझा धाकटा भाऊ. वडील गेल्यावर चुलत्यांनी आम्हाला गावातून वाटेला लावलं. आई, मी आणि नामा सांगलीत आलो. मी पोती वाहिली, तोही माझ्यामागे वाहायला लागला. एकदा हरिपूरला पेवातून – म्हणजे हळद साठवायच्या जमिनीतल्या खोल खड्ड्यातून – काढलेलं पोतं घसरलं आणि त्याच्या उजव्या हाताची करंगळी मोडली. हाडवैद्याने ती वाकडीच बसवली. मूठ मिटली तरी करंगळी बाहेर राहायची, दुसऱ्याच्या तळव्याच्या कडेला टोचायची.

मी दलाली सुरू केली तेव्हा आम्ही दोघांनी आमची एक खूण ठरवली होती. कुठल्या व्यापाऱ्याला गरज आहे ते नामा आधी हेरून यायचा आणि येऊन माझा हात धरायचा. अंगठ्याने तळव्याच्या मुळाशी दोनदा दाबायचं आणि मनगटाकडे ओढायचं. अर्थ एकच – थांब, सौदा पक्का करू नको, माल धरून ठेव. ही खूण बाजारात कोणाला ठाऊक नव्हती. आईलासुद्धा नाही.

आता बाजाराचा नियम असा, की माल धरून ठेव म्हणणाऱ्याने कधीपर्यंत ते सांगायचं असतं. दुपारपर्यंत, उद्यापर्यंत, पाडव्यापर्यंत. नामा ते कधी सांगायचा नाही. खूण करून निघून जायचा आणि मी ढिगाजवळ खांबासारखा उभा. एकदा मी सगळ्या पेठेत ओरडलो होतो –

“कवापतुर थांबायचं ते कोन सांगनार? तुजा बा?”

“माजा बा आनि तुजा येकच की दादा,” तो म्हणाला, आणि हमालसुद्धा पोती खाली ठेवून हसले.

लढाई सुरू झाली तशी आमच्या भागातली पोरं पलटणीत जायला लागली. नामा मला न विचारता भरती झाला. लग्न झालेलं, शिराळ्याकडची हौसा घरात आलेली. मी पेवावर गेलो होतो तेवढ्यात तो गेला. विचारलं असतं तर मी जाऊ दिलं नसतं, म्हणूनच विचारलं नाही. हा माझा पहिला राग. ब्रह्मदेशाच्या बाजूने काही पत्रं आली, मग तार आली – बेपत्ता. लढाई संपली. लोकांची पोरं ट्रंका आणि ब्लँकेटं घेऊन घरी आली. कोणाच्या घरी मरणाचा कागद आला. आमच्या घरी काहीच नाही. तो जिवंत आहे म्हणायला कोणी नाही, मेला म्हणायलाही कोणी नाही.

आला तो फक्त पाद्री.

शमुवेल मास्तर साताऱ्याचे. शाळामास्तरकी करून निवृत्त झालेले, आपलंच मराठी बोलणारे ख्रिस्ती, पण पेठ त्यांना पाद्रीच म्हणायची. लढाईच्या दिवसांत लष्करी दवाखान्यात जखमींजवळ बसायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं, बिनपगारी. लढाई संपल्यावर ते आगगाडीत सायकल टाकून गावोगाव यायचे आणि शिपायांची घरं फिरायचे. कुणाचा पाय गेलेला, कुणी रात्री ओरडत उठणारा, कुणाचा आमच्यासारखा पत्ताच नाही. चपला बाहेर काढायच्या, उंबऱ्याजवळ बसायचं, आणि समोरचा बोलेल ते ऐकायचं.

मला त्यांचा संताप यायचा. आमच्या धंद्यात मधला माणूस फुकट उभा राहत नाही.

“मास्तर, तुमची दलाली काय ह्येच्यात?” मी पहिल्याच भेटीत विचारलं.

“चहा,” ते म्हणाले. “साखर कमी.”

मला वाटलं, आज ना उद्या धर्माचं काढतील. कधी काढलं नाही. जाताना अंगणात घटकाभर डोळे मिटून उभे राहायचे, तेसुद्धा आईला विचारून. आईने त्यांचा कप वेगळा ठेवला होता. ते स्वतः तो विसळून कोनाड्यात पालथा घालायचे. तारेनंतर हौसाने बोलणंच टाकलं होतं, पण मास्तर आले की ती दाराआड येऊन बसायची. माझ्याशी तर ती कधीच बोलायची नाही. धाकट्याच्या बायकोने थोरल्या दिराशी थेट बोलायचं नाही, अशी आमच्यात रीत. काही सांगायचं झालं तर आईला सांगायची, आई मला.

पण मास्तरांची एक गोष्ट मला सहन होत नव्हती. मी दर वेळी विचारायचो, “नामा हाय का न्हाई?” ते म्हणायचे, “मला ठाऊक नाही, तात्या.” आणि त्यांची नजर खाली जायची. खाली जाणारी नजर ओळखण्यावरच माझं पोट आहे. ठाऊक नाही हे खरं असेल, पण त्याच्याखाली आणखी काहीतरी झाकलेलं होतं.

पुढच्या पितृपंधरवड्यात वडिलांच्या पिंडाला कावळा शिवेना. ऊन चढलं, माणसं ताटकळली, भिंतीवर कावळे बसलेले, पण एक खाली उतरेना. गावाकडून चुलते आले होते, त्यांना तेवढंच पुरलं. ते म्हणाले, “नाम्या मेलाय. त्येचं क्रियाकर्म झालं न्हाई, म्हनून तुजा बा बी पिंड खाईना. दर्भाचा पुतळा करा आनि जाळा कृष्णाकाठी. आनि त्या पोरीचं कपाळ पुसा. सवाष्णीसारखी मिरवतीया घरात.”

जे आम्हाला उघड्यावर टाकून मोकळे झाले, ते आता आमच्या मेलेल्यांची काळजी करायला आले होते. मी त्यांना बाहेर काढणार होतो. पण आईने माझा हात धरला. “आसंल त्येंचं खरं,” ती म्हणाली. “माजं पोर तिकडं उपाशी फिरत आसंल रं.” त्या दिवसापासून तिने ताट पुढून सारायला सुरुवात केली.

दिवस ठरला. हौसाने आईकडून निरोप दिला – “त्यास्नी सांगा, जित्या मान्साचा पुतळा जाळला तर त्येला तिकडं चटकं बसत्याल.”

मी काय करणार होतो? पुतळा जाळावा, तर भाऊ जिवंत असताना त्याच्या बायकोला विधवा करणारा मी. न जाळावा, तर मेलेल्या भावाला भुकेला ठेवणारा मी, आणि आई डोळ्यांदेखत वाळत चाललेली. कुठल्याही मालाचा भाव मी एका दमात ठरवतो. हा मला ठरवता येईना. मी गणपतीला बोललो, बिरोबाला बोललो, काय काय कबूल केलं ते आता आठवत नाही. पेठेत उभा राहून लोकांवर ओरडायचो आणि घरामागच्या वखारीत जाऊन पोत्यांवर डोकं टेकून रडायचो. माझी बायको पहिल्या बाळंतपणातच गेली होती, तेव्हाही मी असा रडलो नव्हतो.

त्या सकाळी अंगणात सगळी तयारी झाली होती. दर्भ बांधून पुतळा केलेला, भटजी आलेले, चुलते मधोमध बसलेले. हौसा कासारणीच्या हिरव्या बांगड्या भरून आत बसली होती – आदल्या दिवशीच भरून घेतल्या होत्या, मुद्दाम. तेवढ्यात दारात सायकल वाजली. मास्तर. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं, नेहमीसारखे आले होते.

मी त्यांना दंडाला धरून वखारीत नेलं.

“मास्तर, तुमाला कायतरी ठावं हाय. आज बोला. न्हाईतर मी त्या पोरीच्या बांगड्या फोडाय चाललोय.”

ते म्हणाले, “तात्या, दवाखान्यात एकाने माझ्यापाशी मन मोकळं केलंय. ते त्याचं आहे. तो स्वतः सांगायला तयार होईपर्यंत मला तोंड उघडता येत नाही. मी त्याला दर भेटीत समजावतोय. आणि देवाशपथ सांगतो, नामदेव जिवंत आहे की नाही, हे त्यालाही ठाऊक नाही.”

“तोंड उगडू नका,” मी म्हणालो. खांद्यावरचा रुमाल काढला. “आमच्यात तोंड उगडतंय कोन? हात द्या. तुमाला आतनं वाटत आसंल की नामा जिता हाय, तर माजं येक बोट धरा. मेला वाटत आसंल तर मूठ दाबा. देवानं इचारलं तर सांगा, मी शबुद बोललो न्हाई.”

“तेही सांगणंच झालं, तात्या.” पण मी रुमाल धरूनच उभा राहिलो, ते त्यांनी पाहिलं. “हात देतो. पण तो काही बोलणार नाही.”

मी त्यांचा उजवा हात धरला आणि वर रुमाल टाकला.

मास्तरांचा हात मला चांगला आठवतो. म्हाताऱ्या मास्तराचा हात – बारीक, कोरडा, पेरं वर आलेली, सायकलच्या दांड्याने गार पडलेला. मी वाट पाहिली. ते डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत होते. हात निर्जीवासारखा माझ्या हातात पडलेला. मला संताप आला, मी शिवी हासडून हात सोडणार...

आणि हात भरला.

दुसरा शब्द मला सापडत नाही. रिकामं पोतं भरत यावं तसा माझ्या हातातला हात भरत गेला. रुंद झाला, ऊन झाला. बोटांच्या मुळाशी घट्टे लागले – पोतं ओढायचा लोखंडी आकडा धरून पडतात तिथेच. मूठ मिटली, पण करंगळी मिटली नाही. ती बाहेर राहिली आणि माझ्या तळव्याच्या कडेला टोचली. मग अंगठा हलला. तळव्याच्या मुळाशी एकदा दाबलं, पुन्हा एकदा दाबलं, आणि सावकाश मनगटाकडे ओढलं.

मी रुमाल फाडल्यासारखा काढला. खाली मास्तरांचाच हात होता. बारीक, कोरडा, करंगळी सरळ.

“मास्तर, तुमी आंगठा हलवला?”

“नाही. तुम्ही असा आवळलाय की मला हलवताच येणार नाही.”

“तो थांब म्हनला.”

मास्तरांचा चेहरा उतरला. “काय म्हणाला?”

“थांब. नामा म्हनला, थांब.”

ते मागे न बघता तसेच पोत्यावर बसले. दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. त्यांच्या देवाला काहीतरी म्हणत होते, मला ऐकू आलं नाही.

मी अंगणात आलो. दर्भाचा पुतळा उचलला आणि म्हशीपुढे टाकला. भटजी उठून उभे राहिले.

“पाद्र्यानं कान फुकलं वाटतं,” चुलते म्हणाले. “उद्या गळ्यात क्रूस घालून फिर पेठेत.”

“कान न्हाई फुकलं, हात दिला. तुमी कवा दिला नव्हता. उचला ह्यो पसारा, आनि वाट धरा.”

चुलते थुंकून निघाले. मी वळलो, तर हौसा दारात उभी. डोक्यावरचा पदर सावरत, खाली मान घालून, पण माझ्याशीच बोलत होती. पहिल्यांदा.

“मोठं भावजी... करंगळी लागली का हाताला?”

मी कोणालाही काही सांगितलं नव्हतं. मास्तर तर अजून वखारीतच होते. मी ‘व्हय’ म्हणालो. ती आत गेली आणि चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला. त्या दिवशी आई अर्धी भाकरी जेवली. तुला कसं कळलं म्हणून पुढे मी तिला कितीदा विचारलं. ती म्हणते, “ठावं न्हाई. तोंडातनं गेलं.”

दिवाळीनंतर मास्तर पुन्हा आले, या वेळी मोटारीने, आणि बरोबर एकाला घेऊन. बिरू त्याचं नाव, वडूजच्या पलीकडचा धनगराचा पोरगा, नामाच्या पलटणीतला. एक पाय गुडघ्याखाली नव्हता. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हता. मास्तरांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तसा तो बाहेरच ओट्यावर बसून बोलला.

“टेकडी सोडायचा हुकूम झाला. लय पाऊस. जखमी उचलाय मानसं न्हवती. मीच नामाला म्हनलो, तू ह्येंच्यापाशी थांब, आमी मानसं घिऊन येतो. तो बसला. खाली उतरल्याव वाट तुटली... माजा पाय गेला. मागनं दुसरी तुकडी गेली वर, तर जागा मोकळी. जखमी न्हाईत, नामा न्हाई. येक हाड सुदीक न्हाई. तात्या, मीच थांब म्हनलो त्येला. दुसरं कोन न्हाई.”

“तो काय म्हनला?” मी विचारलं.

“म्हनला, कवापतुर?” बिरूने नाक पुसलं. “मी म्हनलो, आलोच.”

जन्मभर ज्याने मला कधीपर्यंत ते सांगितलं नाही, त्याने नेमकं तेच विचारलं होतं. मी बिरूवर हात उचलला. खरंच मारला असता. मध्ये आई आली. तिने त्याच्यापुढे भाकरी ठेवली आणि म्हणाली, “खा. तू तरी खा.” तो कुबडी बाजूला ठेवून लहान पोरासारखा रडायला लागला. दाराआडून हौसाचा आवाज आला, आईला नाही, मलाच – “मग कुनीतरी जाऊन त्यास्नी आनलं पायजे.” ब्रह्मदेश म्हणजे काय मिरज आहे?

यावर मी विचार केला नाही असं समजू नका. मी प्रत्येक माल उलटा करून बघणारा माणूस आहे. ‘थांब’ हा शब्द मास्तरांना बिरूकडून ठाऊक होता, कबूल. पण खूण? ती आम्हा दोघांत पेवाच्या काठावर ठरलेली, बिरूला मी विचारलं, त्याने कधी पाहिली नव्हती. करंगळी? मास्तरांनी नामाला जन्मात पाहिलं नव्हतं. मिरजेच्या एका डॉक्टरांना विचारलं, ते म्हणाले, मनाचा खेळ. असेल. पण मनाच्या हाताला घट्टे असतात का?

त्यानंतर मास्तर जेव्हा जेव्हा आले, तेव्हा मी रुमाल पुढे केला. त्यांनी एकदाही नाही म्हटलं नाही. चहा व्हायच्या आधीच हात पुढे करायचे, नाडी दाखवावी तसा. दर वेळी तोच बारीक, कोरडा हात. मी मनात ओरडायचो – आरं, येकदा थांब म्हनलास, आता दुसरं कायतरी म्हन. ये म्हन, जा म्हन, जाळ म्हन. काही नाही.

मागच्या उन्हाळ्यात मास्तर गेले. मी साताऱ्याला गेलो. त्यांच्या लोकांत मी एकटाच फेटेवाला. पेटी बंद करायच्या आधी मी पुढे झालो आणि त्यांच्या हातावर रुमाल टाकला. लोकांना वाटलं असेल, ही यांची काहीतरी रीत असेल. कोणी अडवलं नाही. मी रुमालाखाली हात धरून उभा राहिलो. गार हात. सरळ करंगळी. शेवटी त्यांच्या मुलीने हळूच माझ्या कोपराला हात लावला, तेव्हा मी बाजूला झालो. रुमाल तिथेच राहू दिला.

सरकारने नामाला मेला असं धरून कागद पाठवलाय. त्यांनी त्यांच्याकडून सौदा पक्का केला, आम्ही केलेला नाही. गावाने आमच्याशी जाणं-येणं तोडलं आहे. आई थकली आहे. हौसा रोज कुंकू लावते, संक्रांतीला वाण लुटते, घेणाऱ्या बायका मागे फिरून काय बोलतात ते तिलाही ठाऊक आहे. मी केलं ते बरोबर की चूक, मला कळत नाही. त्या वखारीत काय झालं, तेही कळत नाही. उत्तर कोणाकडे असेल तर कळवा. दटावायला लिहिणार असाल तर तसदी घेऊ नका.

आता बाजारात रुमालाखाली कुठलाही हात आला की मी आधी करंगळी चाचपतो. व्यापारी हसतात, म्हणतात, तात्या भाव विसरला. विसरलो नाही. मी माल धरून उभा आहे. पण नामा, धरून ठेव म्हणणाऱ्याने कधीपर्यंत ते सांगायचं असतं. बाजाराचा नियम आहे. तुला मी हजारदा शिकवला होता.